रक्तातला विळा : सिकलसेल, जात आणि जनुकाची दुरुस्ती

दलित पँथरचा इतिहास सांगताना आपण एक गोष्ट अभिमानाने सांगतो. 1972 साली मुंबईत ही संघटना उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतले. 1973 च्या जाहीरनाम्यातही त्या काळ्या लढवय्यांचा उल्लेख आदराने आला. नाव घेतले, आवेश घेतला, शिवीला शिवीने उत्तर देण्याची भाषा घेतली. पण नेमक्या त्याच वर्षांत ब्लॅक पँथर आपल्या वस्त्यांत आणखी एक काम करीत होते आणि त्याची दखल आपल्याकडे घेतली गेली नाही. 1971 पासून त्यांचे कार्यकर्ते काळ्या लोकांच्या मोहल्ल्यांत टेबल मांडून बसत, येणाऱ्याच्या बोटाला सुई टोचत आणि रक्ताचा थेंब तपासत. सिकलसेल या आजारासाठी. हा आजार काळ्यांचा म्हणून गोऱ्यांच्या वैद्यकाने तो अडगळीत टाकला आहे, हा त्यांचा आरोप होता. आरोपाच्या जोडीला त्यांनी मोफत दवाखाने काढले.

ज्या आजारासाठी ते सुई टोचत होते तो आजार नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरच्या आपल्या घरांतही होता. 1958 सालीच तो वैद्यकाच्या कागदावर आला होता. पँथरच्या जाहीरनाम्यात मात्र जमीन आहे, मजुरी आहे, अत्याचार आहे, सिकलसेल नाही. याचा दोष मी त्या तरुणांना देत नाही. मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून जे तरुण पुढे आले त्यांतले बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातले आणि कोकणातले. तिकडे हा आजार फारसा नाही. तो विदर्भात, सातपुड्यात आणि पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात आहे. ज्याच्या घरात दुखणे नाही त्याच्या जाहीरनाम्यात ते येत नाही. चळवळीचा भूगोल आणि आजाराचा भूगोल जुळला नाही, इतकेच.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण असे की, गेली दोन-तीन वर्षे तरुण कार्यकर्ते आणि माझे जुने विद्यार्थी मला विचारतात, “सर, सिकलसेल आता कायमचा बरा होतो म्हणे. जनुकच दुरुस्त करतात म्हणे.” मी घाटकोपरला राहतो, आयुष्य शाळेत शिकवण्यात गेले. डॉक्टर नाही. पण हा प्रश्न फक्त डॉक्टरांवर सोडण्यासारखा नाही, कारण या आजाराचा इतिहास आरंभापासून वंश, जात आणि श्रम यांच्याशी बांधलेला आहे.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने पहिला रुग्ण नोंदवला. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक काळा विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तांबड्या पेशी गोल नव्हत्या. विळ्यासारख्या वाकलेल्या, टोकदार होत्या. पुढे कित्येक वर्षे अमेरिकी वैद्यकाने या आजाराचा उपयोग काळ्या रक्ताची खूण म्हणून केला. एखाद्या गोऱ्या दिसणाऱ्या माणसात तो आढळला तर आजाराची समजूत बदलण्याऐवजी त्या माणसाच्या गोरेपणावरच संशय घेतला जाई. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीत नसून पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. आजाराचे मूळ रेणूत सापडण्याची ही पहिली वेळ. त्यानंतर केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष आणखी नेमका केला. त्यांचे टिपण ‘नेचर’च्या 13 ऑक्टोबर 1956 च्या अंकात आले. दुसऱ्या दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची सवय आपल्याला नाही. पण पुढे जे घडले ते योगायोगाचे नव्हते.

14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या माणसांनी जातीचे नाव दीक्षाभूमीवर टाकून दिले. 1958 साली त्याच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जातींच्या रक्तात ही खूण सापडली त्यांत महार होते. कुणबी आणि तेलीही होते. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे काम केले, यात मला शंका नाही. त्यांच्यामुळेच आजार उजेडात आला. परंतु लोकांनी दोन वर्षांपूर्वी जे नाव पुसले तेच नाव आता रक्ताच्या रकान्यात पक्के लिहिले गेले. पुढच्या काळात विदर्भात ‘महारांचा आजार’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. कुणबी आणि तेली ही नावे त्याच कागदावर असूनही बोलण्यातून गळाली. आजारालाही येथे जात लावली गेली, आणि ती खालचीच लावली गेली.

भारतात त्याआधी 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत सिकलसेल सापडला होता. हे मजूर आसामचे नव्हते. बिहार-ओरिसाकडून मळेवाल्यांनी नेलेली ती माणसे. म्हणजे पहिल्या नोंदी आदिवासींच्या, वेठीला नेलेल्यांच्या आणि गावकुसाबाहेरच्यांच्या. नंतर पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर हिंडून भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा अनेक समूहांची पाहणी केली. काही समूहांत पाचांतला एक माणूस या जनुकाचा वाहक आहे, कुठे त्याहूनही जास्त.

हा दोष आहे तरी काय, ते नीट समजून घेऊ. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीचा आराखडा अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेला असतो. त्या लिखाणात एकच अक्षर बदलते, आणि साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य वेदना होतात. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. पानथरी निकामी होते, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आले तर माणूस वाहक असतो, एरवी धडधाकट. दोघांकडून आले तर रोगी. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारांत एक.

मग इतके घातक जनुक टिकले कसे? 1954 मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले की वाहकाला मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. जिथे डास, दलदल आणि जंगल तिथे वाहक जगले, बाकीचे मेले. हे जनुक म्हणजे कुठल्या पापाचे फळ नव्हे, अस्वच्छतेची शिक्षा नव्हे, ‘हलक्या रक्ता’ची निशाणी तर मुळीच नव्हे. ज्यांना जंगलाच्या आणि गावाच्या कडेला मलेरियाच्या तोंडी राहावे लागले त्यांच्या जगण्याची ती किंमत आहे. ही गोष्ट प्रत्येक बुद्धविहारात सांगितली गेली पाहिजे. अजूनही आपल्यात अशी घरे आहेत जी मुलाला सिकलसेल आहे हे नात्यातही कळू देत नाहीत.

येथे जातिव्यवस्थेचा दुसरा धागा येतो. मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे; बाकी सारे त्यातून निघते. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, 2013 साली, भारतीय आणि अमेरिकी जनुकशास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासात दिसले की या भूमीवरचे लोक एकेकाळी सर्रास मिसळत होते आणि सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत ती सरमिसळ थांबत गेली. 2017 मध्ये आणखी एका अभ्यासाने दाखवले की दक्षिण आशियातील अनेक जातिसमूह मोजक्या पूर्वजांपासून वाढले, आतल्या आत लग्ने करीत राहिले, आणि त्यामुळे जोडीने येणाऱ्या जनुकांच्या आजारांचा धोका त्यांच्यात जास्त आहे. सिकलसेलचे सारे श्रेय मात्र जातीला देऊ नये. त्याचे प्रमाण वाढवले मलेरियाने. जातीने ते जनुक ठरावीक उंबऱ्यांच्या आत कोंडून ठेवले. हा फरक कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा, नाहीतर भाषणात टाळ्या पडतात आणि डॉक्टरपुढे आपण उघडे पडतो.

मुंबईच्या उपनगरांत या कोंडलेपणाचे चित्र फार स्पष्ट दिसते. घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात लोहाणा आणि कच्छी भानुशाली वस्ती मोठी, मुलुंडला सिंधीही. या समाजांत थॅलेसेमियाचे प्रमाण जास्त. तोही हिमोग्लोबिनचाच आजार, आणि गंमत अशी की त्याच अकराव्या गुणसूत्रावरच्या त्याच जनुकाचा. एका जातीत ते जनुक एका प्रकारे बिघडले, दुसरीत दुसऱ्या प्रकारे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणून तो लपत नाही. व्यापारी समाजांनी त्यावर शिबिरे घेतली, पैसा उभा केला, लग्नाआधी तपासणीची मोहीम केली. त्यांनी ते केले याचे मला कौतुकच आहे. बोरिवली पूर्वेला आज महापालिकेचे थॅलेसेमिया उपचार आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र उभे आहे. ते सर्वांचे आहे. आपल्या लोकांनी तेथे जावे, विचारावे, हक्काने बसावे. तेथे चढणाऱ्या रक्तात, दरवर्षी 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपल्या पोरांनी रांगा लावून दिलेले रक्तही असणार.

मात्र विदर्भातून कारखान्यांत, रेल्वेत, बांधकामावर आणि सफाईच्या कामावर आलेल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांचा सिकलसेल या महानगरात दिसतच नाही. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचे आईबाप चंद्रपूरकडचे. डोळे कायम पिवळे, म्हणून मुले त्याला ‘काविळ्या’ म्हणत. पावसाळा आला की आठ-आठ दिवस गैरहजर; आल्यावर सांगे, हाडे फुटतात. वातावर औषधे झाली, जंतांवर झाली, एका दवाखान्यात तर “अभ्यास टाळायची सोंगे” असेही ऐकवले गेले. पुढे गावी गेल्यावर नागपुरात तपासणी झाली तेव्हा आजाराचे नाव कळले. डॉक्टरांनी सांगितले, भरपूर पाणी प्यायला द्या, थंडी-पावसात भिजू देऊ नका, ताप आला की त्याच तासाला दवाखाना गाठा. या साध्या सूचना आहेत. पण ज्या गल्लीत नळाला तासभर पाणी येते आणि शौचालयाला पैसे मोजावे लागतात तेथे ‘भरपूर पाणी’ हा औषधापेक्षा महाग सल्ला आहे. या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, त्यांना वारंवार लघवीला जावे लागते. वर्गात दर अर्ध्या तासाने हात वर करणाऱ्या मुलाला आमच्या पेशातली माणसे काय बोलतात ते शिक्षक वाचकांना सांगायला नको.

आता जनुकाच्या दुरुस्तीकडे वळू. 2012 साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवले की जीवाणू विषाणूंशी लढताना जी कात्री वापरतात ती आपल्याला हव्या त्या जागी जनुक कापायला वापरता येते. तिला क्रिस्पर म्हणतात. 2020 मध्ये त्याबद्दल दोघींना नोबेल मिळाले. 2019 साली अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या काळ्या स्त्रीवर सिकलसेलसाठी हा उपचार झाला. 16 नोव्हेंबर 2023 ला ब्रिटनने आणि 8 डिसेंबरला अमेरिकेने त्याला मान्यता दिली. बारा वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी. औषधाचे नाव कॅसजेव्ही.

लोक समजतात की चुकीचे अक्षर खोडून बरोबर अक्षर लिहिले जाते. या उपचारात तसे होत नाही. गर्भात असताना प्रत्येकाच्या अंगात वेगळे, गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर एक जनुक त्याचे उत्पादन बंद करते. शास्त्रज्ञांनी कात्री चालवली ती या कुलुपावर. कुलूप तुटले की गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि विळा होणे थांबते. दोष आहे तिथेच राहतो, पण त्याला काम उरत नाही. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर कात्री चालवायची, मग कर्करोगाला देतात तसल्या जहाल औषधाने रुग्णाची जुनी मज्जा मारून टाकायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. कित्येक आठवडे इस्पितळात काढावे लागतात. त्या जहाल औषधाने वंध्यत्व येऊ शकते. पण ज्यांना वर्षातून अनेकदा वेदनेच्या झटक्यांनी इस्पितळात जावे लागे त्यांतले बहुतेक चाचण्यांत झटक्यांवाचून राहिले, हेही खरे. फळ मोठे आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

किंमत 22 लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये, एका माणसाला. त्याच दिवशी अमेरिकेत मान्य झालेला दुसरा जनुकोपचार 31 लाख डॉलरचा. ज्या काळ्या वस्त्यांत पँथर फुकट सुई टोचत होते तेथल्या मुलाच्या नावाने निघालेले हे औषध जगातल्या अतिमहाग औषधांत जाऊन बसले. आणि आफ्रिकेत, जिथे जगातले बहुसंख्य सिकलसेलग्रस्त जन्मतात, तिथे साधी नवजात तपासणीसुद्धा सगळीकडे पोचलेली नाही.

या उपचाराने रुग्णाच्या रक्तपेशी बदलतात, बीजपेशी बदलत नाहीत. त्याच्या मुलांकडे जुने जनुक जाणारच. भ्रूणातच जनुक बदलण्याचा मार्ग वेगळा, आणि तो आज जगभर निषिद्ध मानला जातो. 2018 मध्ये चीनच्या हे च्यानकुई यांनी तो प्रकार केला आणि तुरुंगात गेले. या ठिकाणी आपल्या वाचकाने कान टवकारावेत. ‘बीज सुधारण्या’ची भाषा आपल्याला नवी नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीस ना. सी. फडके यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहून भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असे प्रतिपादन केले होते. त्याच काळात इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकत होत्या. हे फिशर पुढे हिटलरच्या वंशवादाचे पंडित झाले. कर्वेबाईंचे मोठेपण असे की कवट्यांची मोजमापे करून त्यांनी गुरूला हवा होता तो वांशिक निष्कर्ष दिला नाही. आणि 1936 साली जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी, जात ही वंशशुद्धीची आणि सुप्रजननाची योजना आहे हा दावा शास्त्राच्याच कसोटीवर मोडून काढला. 1948 साली अस्पृश्यांच्या मुळावर लिहिताना तर त्यांनी नाकांच्या मोजमापांचीच आकडेवारी घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नव्हेत. विज्ञान नाकारायचे नाही आणि विज्ञानाच्या वेशात आलेली वर्णव्यवस्था ओळखायची, ही रीत त्यांनी घालून दिली आहे.

अमेरिकेचा अनुभव याच कारणाने वाचण्यासारखा आहे. पँथरच्या दबावानंतर 1972 मध्ये तेथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. पण काही राज्यांनी काळ्या मुलांवर सक्तीची तपासणी लादली, वाहक आणि रोगी यांतला फरक कोणी समजावला नाही, विम्याचे दर वाढले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीत निरोगी वाहकांनाही 1981 पर्यंत प्रवेश नव्हता. जी तपासणी चळवळीने हक्क म्हणून मागितली ती शासनाच्या हातात गेल्यावर शिक्का झाली.

आपल्याकडे 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंत आजार संपवायचा आणि आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करायची असे तिचे लक्ष्य. तपासलेल्यांना कार्ड मिळते, लग्न जुळवताना दोघांची कार्डे ताडून पाहायची. आदिवासींपर्यंत काही पोचते आहे याचे स्वागतच करायला हवे. पण विदर्भातला बौद्ध, तेली, कुणबी रुग्ण या मोहिमेच्या चेहऱ्यात कुठे आहे? आणि कार्डावर ‘वाहक’ लिहून आलेल्या मुलीचे काय होते? वाहक मुलगा असला तर घरची माणसे गप्प बसतात, मुलगी असली तर स्थळ मोडते. दोषाचा वाटा बापाचा आणि आईचा सारखा, हे साधे गणित आपल्या समाजातही पुरुषांच्या गळी उतरत नाही.

आता हा जनुकोपचार आपल्या दाराशीही आला आहे. घाटकोपरहून बसने पवईला जाता येते. तेथल्या आयआयटीत टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करण्याचा उपचार तयार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपतींच्या हस्ते तो जाहीर झाला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार येथे सुमारे 40 लाखांवर आला. तो वंशपरंपरेच्या आजाराचा नाही, पण पेशी काढून बदलून परत घालण्याची विद्या येथे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेने सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारलेला देशी उपचार जाहीर केला आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला सोपवण्याचा करार झाला. त्याला नाव दिले ‘बिरसा 101’. इंग्रजांच्या रांचीच्या तुरुंगात पंचविशीत मेलेल्या वीराचे नाव प्रयोगशाळेतल्या उपचाराला देण्यास खर्च येत नाही. मला विचारायचे ते वेगळे आहे. चाचणीसाठी शरीरे कोणाची आणि चाचणीनंतर औषध कोणाला?

हा कुत्सितपणा नव्हे. 2009 साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना देण्यात आली, त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. आईबापांना न विचारता कितीतरी संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. 2010 मध्ये ते काम थांबवावे लागले आणि 2013 मध्ये संसदेच्या समितीने कठोर ताशेरे ओढले. मुली कोण होत्या आणि सह्या कोणी केल्या, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. वेदनेने पिळवटलेल्या मुलाची आई कोणत्याही कागदावर अंगठा उठवील. तिला तिच्या बोलीत, वंध्यत्वाच्या धोक्यासह, सारे सांगितले गेले का, आणि चाचणी संपल्यावर पुढची पंधरा वर्षे त्या मुलाकडे कोण पाहणार, हे विचारायला तिच्याबरोबर कार्यकर्ता हवा. शिकलेला, संयमी, घोषणा देण्याआधी कागद वाचणारा.

दुसरे असे की, 18 कोटींच्या चर्चेत पाच-दहा रुपयांची गोळी हरवू नये. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने औषध रोज घेतले तर तेही गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वाढवते आणि झटके कमी करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांत कमी मात्रेतही त्याचा गुण येतो हे दाखवून दिले आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो ही जुनी समजूतही विदर्भातल्या रुग्णांनी खोटी ठरवली. जुळणारे भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा होतो हे 1984 पासून माहीत आहे. म्हणजे उपाय नव्हते असे नाही. प्रश्न नेहमी गोळी सरकारी दवाखान्यात महिनोन्महिने न चुकता मिळण्याचा होता. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या मार्फत या साध्या मागण्यांसाठी सरकारी दारे झिजवली. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या साहित्यसंमेलनांत त्यांचे नाव मी क्वचितच ऐकले.

विद्यार्थ्यांसाठी एक माहिती देतो. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना अपंगत्व म्हणून मान्यता मिळाली. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांच्या यादीत मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. शिका, पण नोकरीच्या दाराशी थांबा, असा हा कायदा आहे. याविरुद्ध निवेदन, याचिका, मोर्चा सारे काही करता येण्यासारखे आहे आणि त्याला कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या भागातल्या काही तरुणांनी येत्या 14 एप्रिलला विहाराच्या मंडपात रक्तदानाच्या टेबलाशेजारी सिकलसेल तपासणीचे टेबल लावायचे ठरवले आहे. पहिल्या चाचणीला रक्ताचे दोन-चार थेंब आणि थोडे मिनिटांचे काम, खात्रीची पुढची चाचणी प्रयोगशाळेत. बैठकीत वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. निकालाची वही कोणाकडे राहावी? एक जण म्हणाला, विहाराच्या कपाटात. एक मुलगी उठून म्हणाली, विहाराच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते तेच आमची लग्नेही जमवतात. शेवटी वही ठेवायचीच नाही, चिठ्ठी ज्याची त्याच्या हाती द्यायची आणि रोगी निघालेल्यांना सोबत करून दवाखान्यात न्यायचे, इथपर्यंत बोलणे आले. सोबत कोण जाणार याची यादी अजून पुरी झालेली नाही.